८०० आणि १५०० मीटरमध्ये गॉडगिफ्ट किती आणि सराव किती? एका वडिलांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नववीत, वय पंधरा. शालेय जिल्हा स्पर्धेत १५०० मीटरला चौथा आला, टायमिंग ४:५२. शाळेच्या मातीच्या मैदानावर ४०० मीटर ५८ सेकंदांत पळतो. सराव सात-आठ महिन्यांचा, तोही आठवड्यातून तीन-चार दिवस. मैदानावर येणारे एक जुने धावपटू म्हणाले, ‘याच्यात गॉडगिफ्ट नाही. पोलीस भरतीपुरता पळवा, वरचं काही डोक्यात घेऊ नका.’ त्यांचं ऐकावं का?

ऐकू नका. गॉडगिफ्ट नावाची गोष्टच नसते, असं मात्र मी म्हणणार नाही. ती असते आणि चांगली मोठी असते. एकाच मैदानावर, एकाच वेळापत्रकावर पोरं पळवणाऱ्या कोणालाही ती रोज दिसते. अडचण वेगळी आहे. ८०० आणि १५०० मध्ये लागणारी देणगी दोन-तीन तुकड्यांची असते. एक तुकडा एका संध्याकाळी घड्याळ लावून मोजता येतो. बाकीचे तुकडे नीट सराव झाल्याशिवाय कोणालाच दिसत नाहीत, जुन्या धावपटूंनाही नाहीत आणि मलाही नाहीत.

भरतीचंच घ्या. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं की २० पैकी २० गुण मिळतात. तुमचा मुलगा १५०० च्या त्याच वेगाने आणखी शंभर मीटर पळाला तर ५:११-५:१२ ला पोचतो. म्हणजे भरतीपुरता तो नववीतच जवळपास तयार आहे. तेवढ्यावर त्याला थांबवायचं कारण मला दिसत नाही.

आता जिम रायन. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला हा मुलगा लहानपणी कुठल्याच संघात टिकत नव्हता, बेसबॉलमध्येही त्याची निवड झाली नाही. विचिटा ईस्ट हायस्कूलमध्ये बॉब टिमन्स या कोचच्या हाताखाली आला, तेव्हा पहिला मैल त्याने ५:३८ मध्ये काढला. मैल म्हणजे १६०९ मीटर. आपल्या भरतीत त्याला पूर्ण गुण मिळाले नसते. दोनेक वर्षांत, जून १९६४ मध्ये, सतरा वर्षांचा असताना तो ३:५९.० मध्ये मैल पळाला. शाळेत शिकत असताना चार मिनिटांच्या आत मैल पळणारा तो पहिला. १९६६ मध्ये ३:५१.३ चा जागतिक विक्रमही त्याच्याच नावावर आला.

ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. सरावाची बाजू घेणारे ५:३८ आणि ३:५९ मधला फरक दाखवतात. देणगीची बाजू घेणारे विचारतात, टिमन्सच्या हाताखाली इतरही मुलं होती, ती सगळी का रायन झाली नाहीत? दोघांचंही बरोबर आहे. रायनची देणगी पहिल्या दिवशीच्या टायमिंगमध्ये नव्हती. सराव अंगात मुरवून घेण्याची ताकद, ही त्याची देणगी होती. ती ओळखायला टिमन्सला आधी सराव द्यावा लागला.

मोजता येणारा तुकडा म्हणजे निव्वळ वेग. इथे गणित निष्ठुर आहे. ८०० मीटर १:४५ ला पळायचं तर दोन्ही लॅप सरासरी ५२.५ सेकंदांचे हवेत. ज्याचा मोकळा ४०० मीटर ५३ च्या खाली येत नाही त्याने कितीही दम कमावला तरी हे व्हायचं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड रुदिशाने १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला लॅप, म्हणजे ४०० मीटरची पहिली फेरी, ४९.२८ ला गेला होता. वडील डॅनियल रुदिशा १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ४ बाय ४०० रिलेत रौप्य जिंकलेल्या केनियाच्या संघात. म्हणजे वेग घरातूनच आला होता. पण त्याचे कोच ब्रदर कॉम ओकॉनेल हे मूळचे भूगोलाचे शिक्षक, आयर्लंडहून केनियातल्या इतेन गावच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवायला आलेले. रक्तातला वेग इतेनच्या चढउतारावर वर्षानुवर्षं घासून निघाला, तेव्हा १:४०.९१ आलं.

आपल्या देशातलं याहून बोलकं उदाहरण श्रीराम सिंग यांचं. १९७६, माँट्रियल, ८०० मीटरची अंतिम शर्यत. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा सगळ्यांच्या पुढे श्रीराम सिंग होते, पहिला लॅप ५०.८५. जिंकला क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना, १:४३.५० च्या विश्वविक्रमासह. श्रीराम सिंग १:४५.७७ मध्ये सातवे आले. तो भारतीय विक्रम पुढे ४२ वर्षं टिकला, थेट २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ काढेपर्यंत. कोच इलियास बाबर यांच्या हाताखाली श्रीराम सिंग यांनी जे काम केलं त्याला कमी कोण म्हणेल? पण हुआंतोरेना मुळात ४०० मीटरचा माणूस, त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याने ४०० मीटरही ४४.२६ ला जिंकले. पन्नास सेकंदांचा लॅप त्याला आरामाचा होता, बाकीच्यांना तो जिवावर घ्यावा लागत होता. हा फरक सरावाने पूर्ण भरून निघत नाही.

वेग अजिबात वाढत नाही, असा याचा अर्थ नाही. पाय नीट टाकायला शिकवलं, मांड्या-कंबर मजबूत केली, चढावर आखूड स्प्रिंट दिले की सुधारणा होते. पंधराव्या वर्षी तर शरीरच अजून पूर्ण वाढलेलं नसतं. पुढच्या चार वर्षांत ४०० मीटरचं टायमिंग चार-पाच सेकंदांनी उतरणं नवल नाही. पण ज्याचा ५८ आहे त्याचा सरावाने ४६ होईल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्या अकॅडमीची फी भरू नका.

दुसरा तुकडा इंजिनाचा, म्हणजे दमाचा, आणि मला सगळ्यात रस याच्यात आहे. ८०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण दोनतृतीयांश प्राणवायूच्या जोरावर तयार होते, १५०० ला हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे जातं. आपल्याकडे ८०० ला अजूनही लांबलेला स्प्रिंट समजतात आणि पोरांना रोज ३००-४०० च्या रिपिटेशन, म्हणजे मध्ये थांबून तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात, मारायला लावतात. म्हणून हे आकडे डोक्यात ठेवा.

हे इंजिन किती वाढेल तेही माणसागणिक बदलतं. क्लॉड बूशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेत हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास केला. व्यायाम न करणारी चारशेहून अधिक माणसं, कुटुंबंच्या कुटुंबं, वीस आठवडे एकाच पद्धतीने स्थिर सायकलवर घामाघूम केली. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलीलिटरची. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य, तर काहींची एक लिटरपेक्षा जास्त. या फरकाचा जवळपास निम्मा भाग घराण्याशी बांधलेला निघाला. तुमच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट ही की सुरुवातीचा आकडा आणि पुढची वाढ यांचा फारसा संबंध नव्हता. पहिल्या दिवशी धापा टाकणारा वीस आठवड्यांनी पुढे निघून जाऊ शकतो आणि पहिल्या दिवशीचा हिरो तिथेच राहू शकतो.

नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की ज्यांच्यात वाढ झाली नव्हती त्यांचा सराव वाढवल्यावर त्यांच्यातही वाढ झाली. तेव्हा ‘याला सराव लागूच पडत नाही’ असा शिक्का मारायच्या आधी सराव पुरेसा होता का, हे विचारावं. आठवड्यातून तीन दिवस पळणाऱ्या मुलाबद्दल तर हा शिक्का कोणी मारूच नये.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने हे प्रयोगशाळेशिवाय दाखवून दिलं होतं. हा बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस, स्वतःवर प्रयोग करत कोच झालेला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या हाताखालचे पीटर स्नेल ८०० मीटर आणि मरी हॅल्बर्ग ५००० मीटर एकाच दिवशी जिंकले, बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळालं. तिघेही ऑकलंडमध्ये त्याच्याकडे सराव करणारे, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आत. आठवड्याला शंभर मैल, रविवारी डोंगरातून २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर. आणि हे ८०० मीटरच्या धावपटूलाही! जगातल्या अर्ध्या कोचांनी तेव्हा त्याला वेड्यात काढलं असेल. एका शहरात एकाच वेळी तीन-तीन पदकविजेते जन्माला येतात, यापेक्षा तिथे चांगला सराव होता हे मानणं सोपं आहे. पण तेच मैल पळून स्नेल एकटाच १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही जिंकला. सरावाने तिघं पदकापर्यंत गेले. स्नेल आणि इतरांतलं अंतर मात्र स्नेलने जन्मतःच आणलेलं होतं.

घराणं आणि घरचं वातावरण वेगळं काढणं तर फारच कठीण. आपल्या हरमिलन बैन्सची आई माधुरी सिंग २००२ च्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरची रौप्यविजेती, वडीलही धावपटू. हरमिलनने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ८०० आणि १५०० दोन्हींत रौप्य मिळवलं. नॉर्वेच्या इंगेब्रिग्टसेन घरातले तीन सख्खे भाऊ, हेन्रिक, फिलिप आणि याकोब, १५०० मीटरचे युरोपियन विजेते. आता यात रक्त किती आणि लहानपणापासून घरातच चालणारा सराव किती? ज्या आईबापांनी जनुकं दिली त्यांनीच पहाटे उठवलं. जनुकांची चाचणी करून मुलाचा खेळ ठरवून देतो, अशा जाहिराती हल्ली येतात, त्यात पैसे घालू नका. एसीटीएन-३ सारख्या एखाद्या जनुकावरून मुलगा ८०० पळेल की १५०० हे सांगता येत नाही. क्रीडाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्येच एकत्र येऊन तसं स्पष्ट म्हटलं आहे.

तिसऱ्या तुकड्याबद्दल फार कमी लोक बोलतात: पाय किती सोसतात. इंजिन वाढायला कधी काही आठवडे पुरतात, हाडं आणि स्नायू हाडांना बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात. काही मुलं वर्षानुवर्षं पळतात आणि एकदाही नडगी धरून बसत नाहीत. ही सुद्धा देणगीच, आणि माझ्या मते जिल्ह्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणाऱ्यांत ती हमखास असते. पण ती बिघडवता येते. भरतीच्या अकॅडम्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना झिजलेल्या बुटांत डांबरी रस्त्यावर रोज जोरात पळवतात, मग नडगीला तडा गेला की ‘पोरगं नाजूक आहे’ म्हणून मोकळे. यात पोराचा दोष नाही.

इथेच मुलींबद्दल एक वाक्य घालतो, कारण तुमच्या मैदानावर त्याही असतील. देशातल्या निम्म्याहून अधिक बायका-मुलींमध्ये रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय पाहणीत दिसलेलं आहे, आणि प्राणवायू वाहून नेतं ते रक्तच. दोन महिने सराव करूनही मुलगी मागेच पडत असेल तर देणगीची चर्चा बंद करा, डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. मुलांनाही ही तपासणी वर्षातून एकदा हरकत नाही.

जिल्ह्यातल्या चौथ्या क्रमांकाचं काय करायचं? पहिल्या तिघांना डोळ्यांसमोर आणा. मिशी फुटलेली, खांदे भरलेले किती होते? चौदा-पंधराच्या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. लवकर वाढलेला मुलगा आज जिंकतो, बाकीचे वाढले की त्याची आघाडी संपते. जन्मदाखल्यांची करामत वेगळीच, तिच्यावर मी इथे लिहीत बसत नाही. तुमच्या मुलाची उंची झपाट्याने वाढून झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अजून वाढायचा असेल तर चौथा क्रमांक चांगला आहे.

आता त्याच्या आकड्यांकडे या, कारण त्यांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सराव झालेल्या मुलाचं ८०० चं टायमिंग साधारणपणे ४०० च्या दुपटीत दहा-बारा सेकंद मिळवून येतं. ५८ ची दुप्पट १:५६, म्हणजे ८०० मीटर २:०६-२:०८. एवढं ८०० पळणाऱ्याचा १५०० मीटर ४:२५ च्या आसपास यायला हवा. तुमचा मुलगा ४:५२ पळतो. मधली जवळपास अर्धी मिनिट गॉडगिफ्टच्या अभावाने गेलेली नाही, ती न झालेल्या सरावाची आहे. वेगाच्या मानाने इंजिन रिकामं आहे. उलट ४०० मीटर ६६ आणि १५०० मीटर ४:५२ असं असतं, तर मी म्हटलं असतं की दम चांगला झालाय, वेगाची चिंता आहे.

तो जास्तीत जास्त कुठवर जाईल, त्या छताबद्दलही स्पष्ट सांगतो. आज ५८ असलेला मुलगा एकोणीस-विसाव्या वर्षी ५२-५३ ला आला, तर ८०० मध्ये तो १:५५ च्या आसपास राहील. विद्यापीठ पातळीवर हे चांगलं आहे, राष्ट्रीय वरिष्ठ गटाच्या अंतिम फेरीला पुरणार नाही. वेग त्याहून जास्त उतरला तर वेगळी गोष्ट. पण १५००, ३००० स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत), ५००० ही दारं उघडी आहेत, आणि कुठलं दार त्याचं हे पंधराव्या वर्षी कळत नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्रीत उतरला, आणि मग कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ मध्ये ८:२९.८० पळून त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. राष्ट्रीय विक्रम मोडल्यानंतरही सहा वर्षांत वीस सेकंद उतरले! साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आली होती. मॅरेथॉनकडून ती स्टीपलचेसकडे आली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ८०० चं सुवर्ण जिन्सन जॉन्सनला मागे टाकून मनजित सिंगने जिंकलं, तेव्हा तो एकोणतिशीला टेकला होता. यांच्यात देणगी होतीच. ती नेमकी कुठल्या अंतराची आहे हे कळायला मात्र वेळ लागला.

मग पुढची दोन वर्षं काय करायचं? आठवड्यातून पाच दिवस, त्यांतले बहुतेक सावकाश, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या वेगाने, मातीवर किंवा गवतावर. आज एकूण २० किलोमीटर होत असतील तर दर महिन्याला थोडे वाढवत वर्षअखेरीस ४० पर्यंत न्या. सावकाश धावण्यानंतर आठवड्यातून दोनदा ८०-१०० मीटरचे मोकळे पाच-सहा स्ट्राइड (लांब पावलं टाकत वेगात, पण जीव न तोडता), म्हणजे वेग विसरायला होत नाही. जोरदार सराव एकच दिवस: कधी चढावर आखूड धावा, कधी फार्टलेक (सलग धावताना मधूनमधून वेग वाढवणं), स्पर्धा जवळ आली की ३००-४०० च्या रिपिटेशन. दोन दिवस घरच्या घरी पोटऱ्या, मांड्या, पोट यांचे व्यायाम. सराव झाल्यावर घरी जे असेल ते पोटभर, दूध-अंडी किंवा शेंगदाणे-हरभरे, भाकरी. पावडरचे डबे नकोत.

दर सहा महिन्यांनी २००, ४००, ८०० आणि ३००० मीटरची चाचणी घ्या, वेगवेगळ्या दिवशी. दरवेळी तेच मैदान, तीच वेळ, घड्याळ त्याच माणसाच्या हातात. मातीवरचं एक आणि बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवरचं एक असं टायमिंग शेजारी ठेवून काही कळत नाही. मी बघेन ते दोन मुद्दे: ३००० किती वेगाने उतरतंय आणि वर्षभरात दुखापतीने किती आठवडे गेले. ३००० झपाट्याने उतरलं आणि पाय शाबूत राहिले तर तो दूरच्या अंतराचा आहे. ४०० मीटर ५४ च्या आत आलं तर ८०० वर बोलू. दोन वर्षं असं काम होऊनही काहीच हललं नाही, तर तेव्हा जुन्या धावपटूंचं म्हणणं खरं मानायला मी तयार आहे, आणि तोवर भरतीचे वीस गुण तर हातात असतीलच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण येत्या जूनमध्ये नक्की समोर येईल. दहावीचं वर्ष लागलं की घरातली सगळी माणसं म्हणतील, आता वर्षभर ग्राउंड बंद. बंद करू नका. स्पर्धा हव्या तर सोडा, जोरदार सराव पंधरवड्यातून एकदाच ठेवा, पण क्लासच्या आधी सकाळी चाळीस मिनिटं सावकाश धावणं आठवड्यातून चार दिवस चालू राहू द्या. बोर्डाच्या परीक्षेचे तीन आठवडे पूर्ण सुटी द्या.